हरेश्वरशेठच्या दुकानाखालची विहीर

आगाशीच्या बाजारपेठेत कासाराच्या नि सुकी केळी विकणाऱ्या सुकेळीवाल्याच्या दुकानांमध्ये आमची विहीर होती. माझं लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात आमचे मालक दोराने आत उतरून गाळ काढायचे. वर यायचं झालं की दोराला हिसका द्यायचे.

ते वारले, आणि एकावन्न साली हरेश्वरशेठने पाडलेल्या घरांच्या विटा टाकून विहीर बुजवली, वर कापडाचं दुकान थाटलं. सगळी आळी मुकाट बसली.

मी नाही बसले. दोर बांधलेली घागर घेऊन भर बाजारात त्याच्या दुकानात शिरले.

"मेल्या, आमचं पानी दे!"

"काढ की," तो गिऱ्हाइकांकडे बघत हसला.

संतापाने मी घागर कोब्यावर आदळली.

आवाज झालाच नाही. दोर माझ्या हातातून सरसर खाली गेला आणि थांबला.

मग खालून हिसका बसला.