पुढची फळी
शाहू महाराजांच्या काळात कुरुंदवाडच्या गौस नावाड्यानं एका साहेबाची जुनी होडी इंजनासकट घेतली. होडी लहान आणि इंजन दांडगं, त्यामुळं मागची बाजू पाण्यात दबायची. तोल राहावा म्हणून बायको जुलेखा रोज पुढच्या फळीवर बसायची. ती तापानं गेली. चाळिसावा झाल्यावर गौसनं होडी लोटली, तर मागून पाणी आत आलं. "पुढं धोंडा ठेव की," काठावरून हंबीरराव पाटील म्हणाले. "तिच्या जागी धोंडा ठेवू व्हय?" गौसनं तिथंच इंजन उतरवलं, बैलगाडीत घालून मिरजेच्या मिस्त्रीकडं नेलं आणि बदल्यात लहान इंजन आणून बसवलं. होडी सरळ तरंगली. हंबीरराव पैलतीरी जायला चढले आणि पुढच्या फळीकडं निघाले. "मधी बसा, पाटील." "पुढं जागा मोकळीच हाय की." "ती मोकळी राहावी म्हणूनच तर इंजन बदललं," गौस म्हणाला.