विसाव्याचा पट्टा

हेमलताबाईंच्या मनगटावरचा, ठोक्यांवरून थकवा मोजणारा पट्टा हिरवाच राहिला. विसावा योजनेचे अधिकारी नगराळेसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही थकलेल्या नाही. पट्टा लाल झाला तरच मुलीला सांभाळायला सरकारी माणूस येतो आणि घरच्यांना आठवडाभर सुट्टी मिळते."

बाईंच्या मांडीवर त्यांची चौदा वर्षांची, अजून मानही न सावरणारी रेवा होती. आईच्या छातीची धडधड वाढली की पोरीला फिट यायची. म्हणून राग, रडू, दमणं सगळं गिळून ठोके संथ ठेवायची सवय बाईंनी लावून घेतली होती. आज तीच सवय नडली. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी पट्टा हिरवाच.

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई."

बाईंनी पट्टा सोडून साहेबांच्या मनगटावर बांधला आणि रेवाला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. "मान धरा. सोडू नका."

स्वतःचा हात त्यांनी लेकीच्या पाठीवर ठेवला. रेवाने अनोळखी वास घेतला, अंग ताठ केलं, हंबरडा फोडला आणि साहेबांची कॉलर मुठीत आवळली. लाळ शर्टावर ओघळली. साहेबांना घाम फुटला. पट्टा लालभडक झाला.

"विसावा मंजूर," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "पट्टा बांधलेल्या व्यक्तीला, उद्यापासून आठवडाभर."

बाईंनी लेकीला परत कुशीत घेतलं. ओरडायची त्यांना सोय नव्हती. पोर छातीशी होती.

"जा साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सुट्टी घ्या. दमला असाल."