हवा लागलेली बीअर

अमेरिकेतल्या फ्रिस्कोत राहणारा ईश्वर हौसेने घरी बीअर बनवायचा, आणि ऑफिसातला मित्र केदार दर वेळी हक्काने बारा बाटल्यांचा खोका न्यायचा. या खेपेला नागपूरहून आलेले बाबाही मदतीला बसले. हवा लागली की बीअर बिघडते, म्हणून ईश्वर नळी तळापर्यंत सोडून हळूहळू बाटली भरायचा आणि बाबा लगेच तिचं झाकण दाबून बसवायचे.

दोन आठवड्यांनी केदार खोका न्यायला आला, तेव्हा दार बाबांनी उघडलं.

"जय भीम! या ना, बसा."

"हो... नमस्कार काका," म्हणत केदारने उभ्या उभ्याच खोका उचलला.

चार दिवसांनी त्याने तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये परत दिला. "यार, या वेळी हवा लागली वाटतं. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली. घोटभरसुद्धा जाईना."

घरी हे ऐकून बाबांचा चेहरा पडला. "माझ्याच हातून झाकण ढिलं बसलं असेल रे."

नेमकं काय चुकलं ते बघायला ईश्वरने खोका उघडला.



आत बारा बाटल्या होत्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.