लख्ख अंगठी

नुकता रांगायला लागलेला माझा भाचा गेला, तेव्हा वहिनीने अंगावरचं सगळं सोनं काढून ठेवलं. हातातली एक बांगडी तेवढी राहू दिली. परवा तीही तुटली, म्हणून मीच वहिनीला सोनाराकडे घेऊन गेले.

"आटवून छान नवी करून देतो, ताई," तो म्हणाला.

"आटवू नका," वहिनी एकदम म्हणाली. "या एवढ्या तुकड्याचीच अंगठी वळवून द्या. हाताने."

का, ते त्याने विचारलं, तर तिने बांगडीचा तो तुकडाच त्याच्या हातावर ठेवला. भला माणूस, त्याने खोदून विचारलं नाही.

आज अंगठी न्यायला गेलो. आरशासारखी लखलखत होती. सोनार खूश.

"अजिबात आटवलं नाही हं, ताई. तोच तुकडा आहे. फक्त त्याच्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते, ते घासून घासून काढले. एकसुद्धा ठेवला नाही!"

वहिनी अंगठीवरून बोट फिरवत राहिली. पुन्हा पुन्हा.




"दात येत होते हो त्याला," ती म्हणाली. "सारखी बांगडीच चावायचा."