पाणी मारलेला दात

मिस्त्रीने आ वासला, तो एवढा मोठा की डॉक्टरीणबाईंचा आरसाच काय, दिवासुद्धा आत गेला असता.

बाईंनी पुढच्या दातावर हवेची फुंकर सोडली. खडूने टिंब काढावं तसा पांढरा डाग. तीन महिन्यांपूर्वी होता तिथेच. उलट जरा ऐसपैस झालेला.

"मिस्त्री, मी दिलेली पेस्ट लावता ना? ती खनिजांची?"

"दोन्ही वेळा. एका दिवसाचा खाडा नाही."

हा माणूस खोटं बोलणारा नव्हे. लोक त्याला ओळंबाच म्हणायचे. त्याने बांधलेल्या भिंतीवर पाल चढली, तर तीसुद्धा शेपूट सरळ धरून चढायची.

बाई गोंधळल्या. आरसा पुसला, चष्मा पुसला, पुन्हा आत डोकावल्या. "मग हे असं कसं? अजून खड्डा पडलेला नाही, पण बेतात आहे. पडला की मशीनने कोरून भरावं लागेल."

मशीन म्हटल्यावर मिस्त्रीचे पाय खुर्चीतल्या खुर्चीत पळायला लागले. जन्मभर ड्रिलने काँक्रीट फोडलं, पण भिंतीला काय वाटत असेल, हे आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

दाराशी स्टुलावर त्याची बायको बसली होती. "अहो, सांगा की त्यांना पाण्याचं."

"त्यात काय सांगायचं? कामाची रीतच आहे ती."

"कसलं पाणी?" बाईंनी विचारलं.

"पेस्ट लावली की हे तोंडात पाणी भरून बसतात," बायको म्हणाली. "अर्धा अर्धा तास. गाल असे टम्म! परवा शेजारीण गालगुंड समजून शेकायला गरम वीट घेऊन आली. आणि ह्यांना बोलता येईना, तर वीट हातात घेऊन भाजणी बरी झालीय का तेच बघत बसले."

"पण पाणी कशाला?"

मिस्त्रीला प्रश्नच कळेना. त्याने बाईंकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "कशाला म्हणजे? बाई, गिलावा केला की पाणी मारावं लागतं. तुम्हीच म्हणालात, पेस्टमधलं कॅल्शियम दाताच्या कमजोर जागेत जाऊन बसतं. मग ते पक्कं नको व्हायला? पाणी कमी पडलं की तडे जातात. मी तर घरून बाटली नेऊन दुपारी कामावरही मारतो."

बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "अहो, लावलेलं सगळं धुऊन काढलंत तुम्ही! पेस्ट लावायची, फेस थुंकायचा, बस्स. अर्धा तास पाण्याला शिवायचं नाही. दातावर राहिली तर खनिजं आत मुरतील ना? पुढचं काम लाळ करते."

"लाळ?"

"लाळेतही तीच खनिजं असतात. दाताच्या कमजोर झालेल्या कवचात हळूहळू जाऊन बसतात."

"बिनपाण्याचं? आपलं आपण?"

"आपलं आपण."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही."

मिस्त्री खुर्चीतून उठला तो चुकीच्या दाराने कपाटात निघाला. बायकोने दंडाला धरून वळवलं.

"तीन महिने आणखी देते," बाई मागून म्हणाल्या. "पण खड्डा पडला, तर मग पेस्टचं काही चालायचं नाही हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री कामावर आला, तो ओठ घट्ट मिटून. वारा लागून लाळ सुकली तर?

मुकादम म्हणाला, "मिस्त्री, आज कुठली भिंत घ्यायची?"

मिस्त्रीने नुसतं बोटाने भिंत दाखवली.

"काय झालं? रागावलात का? दुखतंय का कुठे? दाखवा बघू." मुकादमाने त्याच्या हनुवटीकडे हात नेला.

मिस्त्री दोन पावलं मागे सरला. कानामागची पेन्सिल काढली, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा फाडला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला.

'काम ओलं आहे. हात लावू नये.'