राजाच्या वहाणा

कुमासी शहरातल्या दवाखान्यातून बायको वारल्याचा निरोप आला, त्याच दुपारी राजाचा कारभारी मूर्तिकाराच्या दारात उभा.

"रडणं नंतर होईल, मिस्त्री. महाराजांची लाकडी मूर्ती सणाला हवी."

आदल्याच दिवशी तापानं फणफणलेल्या बायकोला दवाखान्यात न्यायला मूर्तिकारानं राजाची गाडी मागितली होती. पण ती मिरवणुकीसाठी धुवायला काढली होती; बायको पोचली ती उशिरा.

त्यानं राजाचं सुटलेलं पोट कोरलं, लोंबती गालफडं कोरली. असलं ध्यान चांगल्या लाकडाच्या लायकीचं नव्हतं.

सणाला गावासमोर मूर्तीवरचं कापड निघालं आणि माणसांच्या नजरा तिच्या पायांवर खिळल्या. मूर्ती अनवाणी होती. अशांती लोकांच्या राजाचा उघडा पाय भुईला टेकला, की त्याची गादी गेली, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"हे काय केलंस?" कारभारी ओरडला.

"घाईचं काम, साहेब. वहाणा तेवढ्या कोरायच्या राहिल्यात."