कपाटामागची वायर

“एका वेळी किती मशिनं चालणार?” वायरमनने विचारलं.

“मी एकटीच आहे. चालवून चालवून किती चालवणार?”

“सगळे असंच म्हणतात. मग लेथ चालू ठेवून कटर लावतात, वर कॉम्प्रेसर आपोआप उठतो, आणि फोन मला येतो.” त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच आकडे मांडले. लेथ, कटर, कॉम्प्रेसर, भुसा ओढणारा पंखा. “पाच किलोवॅट तरी धरू. घराचा लोड वेगळा. जुन्या वायरिंगच्या भरवशावर राहू नका.”

तिने मान हलवली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. परसातल्या या वर्कशॉपला कुलूप घालणं तिला जमलं नव्हतं आणि ते उघडं ठेवणंही. शेवटी नोकरी सोडून बाबांचाच लेथ चालवायचं तिने ठरवलं. लाकडी खेळण्यांची पहिली ऑर्डर मिळाली होती. भावाने फोनवर ‘डोकं फिरलंय तुझं’ एवढंच म्हटलं होतं.

दिवस कलला होता. तिने भिंतीवरचं बटण दाबलं. बाबांच्या टेबलावरचा दिवा लागला.

“लेथ सुरू केला की घरातले दिवे मंद व्हायचे का हो?” वायरमनने विचारलं.

“कधीच नाही.” तिच्या आवाजात थोडा अभिमान आला. “बाबांनी वायरिंग स्वतः केलं होतं. आईची अटच होती, मशिनांपायी घराचं बिल वाढलं तर सगळं भंगारात. एकदाही वाढलं नाही. आई म्हणायची, हा माणूस वीजसुद्धा फुंकून फुंकून वापरतो.”

“कमाल आहे,” वायरमन म्हणाला आणि बोर्ड उघडून टॉर्च मारला. घरातून आलेली वायर त्याला कुठे दिसेना. भिंतीत गाडली असेल, म्हणाला. मग दोघांनी मिळून अवजारांचं कपाट सरकवलं.

कपाटामागे, जमिनीलगत एक पाइप होता. बोर्डाच्या मागून उतरलेली जाड काळी वायर त्यात शिरली होती. पाइप कुंपणाच्या भिंतीतून थेट शेजारच्या काकूंच्या घराकडे गेला होता.

“ताई, हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“नाही.”

“लोड वाढवायचा तर वीज ऑफिसचा माणूस बघायला येणार. मीटर कोणाच्या नावावर आहे?”

“बाबांच्या. अजून.”

“मग शेजारी परस्पर वीज दिली म्हणून नोटीस निघेल ती त्यांच्याच नावाने.”

बाबांच्या नावाने. उसना आणलेला पाना तेल लावून परत करणारा माणूस. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले खिळे भर उन्हात परत द्यायला गेलेला माणूस. आणि या बाईने, त्यांच्या शेवटच्या आजारात एकदाही आमच्या दारात पाऊल न टाकलेल्या या बाईने, त्यांच्याच भिंतीतून हात घातला! आई असेपर्यंत आईचं आणि काकूंचं कधी पटलं नव्हतं. तिला आज पहिल्यांदा वाटलं, आईच बरोबर होती.

ती तरातरा कुंपणापाशी गेली. काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या.

“काकू, बाबा लेथ लावायचे तेव्हा तुमच्याकडे काही कळायचं का?” तिने आवाज जमेल तितका साधा ठेवला.

काकू हसल्या. “न कळायला काय झालं? आमच्या स्वयंपाकघरातला दिवा डोळा मिचकवायचा. मी मनात म्हणायची, लागले कामाला!”

इतकं सहज. कबुली द्यायलाही यांना काही वाटत नव्हतं.

“आमच्या कपाटामागून एक वायर तुमच्याकडे गेलीये.”

काकूंच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

“कपाट कशाला गं हलवलंस?”

“उद्या ऑफिसात कळवणार आहे मी. काय ते चारचौघांत होऊ दे. बाबांच्या नावाला डाग लागलेला मला चालणार नाही.”

“म्हणूनच सांगते, कळवू नकोस.” काकूंनी तिच्याकडे न बघता चादरीची घडी घातली. “ती वायर मी आजच काढून टाकायला लावते. माझ्यावर काय राग काढायचाय तो काढ, पण विषय इथेच संपव.”

“म्हणजे पुरावाच नको!”

“तुझे बाबा असते तर...”

“त्यांचं नाव तुम्ही काढू नका.”

काकू वळल्या. कपडे छातीशी धरून आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.

वायरमन वर्कशॉपच्या दारात येऊन उभा होता. सगळं ऐकून अवघडला होता बिचारा. “ताई, उगाच तोंडी आरोप नकोत. खात्री करून घेऊ. तुमचा मेन पाडला की शेजारचा दिवा जायला हवा.”

“मीच पाडते. तुम्ही इथेच थांबा, वायरीपाशी.”

मेन स्विच घराच्या मागच्या दाराशी होता. तिथून काकूंची खिडकी समोरच दिसायची. काकू खिडकीत उभ्या होत्या. तिचा हात वर गेलेला त्यांनी पाहिला आणि मान हलवली. नको. पुन्हा हलवली. तिला ते बघून उलट जोर आला.

तिने खटका खाली ओढला.

फ्रीज थरथरून गप्प झाला. डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला. मागचं सगळं घर काळोखात बुडालं. काकूंची खिडकी मात्र तशीच उजळ होती, आणि त्या उजेडात काकूंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

वर्कशॉपमधून वायरमनची हाक आली, “ताई, मेन पाडताय ना? इथला दिवा अजून चालूच आहे!”